मल्लव्वा टाइम

धोंडप्पा बिराजदार माझा मित्र नाही, शेजारी आहे. मित्राशी भांडण झालं तर महिनाभर त्याचं तोंड बघावं लागत नाही. धोंडप्पाच्या आणि माझ्या गच्चीमध्ये मात्र एकच कंबरेएवढा कठडा आहे. त्यामुळे रात्री कितीही कडाक्याचं भांडण होवो, सकाळी सातला तो पलीकडे विभूती लावून उभा असतोच. आम्ही दोघंही आता सत्तरीचे. याच गल्लीत वाढलो, याच गल्लीत म्हातारे झालो, आणि पन्नास वर्षं एकाच विषयावर भांडलो. तो विषय म्हणजे घड्याळ.

माझी बाजू आधी सांगतो, कारण सांगणारा मी आहे. मी कुर्डुवाडीला सदतीस वर्षं रेल्वेत होतो, रोज सोलापूरहून गाडीनं जाऊन-येऊन; निवृत्त झालो तेव्हा असिस्टंट स्टेशन मास्तर होतो. गाडी कधी येणार हे माझ्या हातात नव्हतं, पण ती कधी आली हे मी मिनिटासकट लिहून ठेवत होतो आणि त्यात कधी खाडाखोड केली नाही. गल्लीत मला अजून मास्तर म्हणतात. लग्नाच्या पत्रिकेवर 'गोरज मुहूर्त' असं मोघम छापलेलं दिसलं तरी माझं डोकं फिरतं. बायको, गोदावरी, म्हणते की मी जेवताना घास मोजत नाही हेच नशीब.

आता धोंडप्पाची बाजू. त्याचे वडील गुरुसिद्धप्पा बिराजदार यांनी सोलापुरात घड्याळ काढलं. मनगटावरचं, चावीचं. आतलं मशीन मुंबईहून यायचं. पण डायल, डबी, पट्टा सगळं इथं, आमच्या गल्लीत त्यांच्या पुढच्या खोलीत व्हायचं. डायलवर गिरणीच्या चिमणीचं छोटं चित्र आणि नाव, वर मराठीत आणि खाली कानडीत: मल्लव्वा. मल्लव्वा म्हणजे त्यांची बायको, धोंडप्पाची आई. माणूस अबोल होता. बायकोवर प्रेम आहे हे तोंडानं सांगणं जमलं नसावं, म्हणून डायलवर छापलं. त्यामुळे झालं असं, की सोलापुरातले चार-पाच हजार पुरुष दुसऱ्याच्या बायकोचं नाव मनगटावर बांधून राजरोस फिरत होते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. माझे वडीलही फिरत होते. ते शाळामास्तर, एरवी अतिशय सोवळे.

घड्याळ दिसायला देखणं, दगडासारखं मजबूत. फक्त एक होतं. ते दिवसाला सहा-सात मिनिटं मागं पडायचं. पण हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण आमच्या गल्लीच्या टोकाला गिरणी होती आणि गिरणीचा भोंगा दिवसातून तीनदा व्हायचा. भोंगा झाला की सगळी गल्ली मनगटाकडं बघून काटे सरकवायची. वडील दाढी करता करता, साबणाच्या बोटांनी. ती सवय इतकी अंगवळणी पडली होती, की आपण घड्याळ दुरुस्त करतोय असं कुणाला वाटत नसे. भोंगा झाला की घड्याळ लावायचं, जसं जेवण झालं की हात धुवायचे.

मग शहात्तर साली गिरणी बंद पडली आणि भोंगाही बंद झाला.

त्याच्या नवव्या दिवशी माझी रेल्वेची मुलाखत होती, सकाळी दहा वाजता. वडिलांनी मोठ्या मनानं आपली मल्लव्वा माझ्या मनगटावर बांधली. घरात रेडिओ होता, पण गेले आठ दिवस रेडिओची आणि घड्याळाची वेळ जुळत नव्हती, आणि वडील रेडिओलाच शिव्या देत होते. "आकाशवाणीला घाई झालीय," म्हणायचे. मी दहाला पाच मिनिटं कमी असताना ऑफिसात पोचलो. तिथल्या शिपायानं भिंतीकडं बोट दाखवलं. अकराला पाच कमी होते. दार लागलेलं होतं.

मला नोकरी पुढच्या वर्षी लागली. पण त्या दिवशी मी चहाच्या टपरीवर उभा राहून, बावीस वर्षांच्या माणसाला येतो तेवढा सगळा राग गोळा करून म्हणालो, "ही वेळ नाही, हा मल्लव्वा टाइम आहे!"

टपरीवर हशा झाला, आणि ते दोन शब्द तिथून निघाले ते थांबलेच नाहीत. बस उशिरा आली, मल्लव्वा टाइम. नवरदेव उशिरा आला, मल्लव्वा टाइम. पुढं पुढं तर ज्यांनी ते घड्याळ कधी पाहिलं नाही, त्या पोरासोरांच्या तोंडीही ते बसलं. मी रेल्वेत सदतीस वर्षं केलेल्या कामाची आज कुणाला आठवण नाही, पण हे दोन शब्द सोलापुरात अजून चालतात. गुरुसिद्धप्पांचं घड्याळ मात्र वर्षभरात बसलं. एकशे त्रेचाळीस नग उरले, ते त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेत घातली. पाच वर्षांनी ते गेले.

धोंडप्पानं नवी पेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवलं. पाटी 'बिराजदार वॉच कंपनी', आत सेल बदलून मिळतील आणि मोबाइलची कव्हरं. ट्रंक घरात. दरवर्षी खंडेनवमीला तो ट्रंक बाहेर काढायचा, तिला विभूती लावायचा, आणि एकेक डबी उघडून एकशे त्रेचाळीस मल्लव्वांना चावी द्यायचा. सकाळी बसला की दुपार व्हायची. अंगठा सुजायचा. मी कठड्यावरून विचारायचो, "झाली का पूजा? आता किती वाजले म्हणायचे?" तो उत्तर द्यायचा नाही. माझं रक्त गरम, त्याचं थंड. अशा माणसाशी भांडण्यात मजा नसते, पण मी चिकाटी सोडली नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला त्याची नात काव्या घरी आली होती. पुण्यात डिझाइन शिकलेली. आजोबाला ती अज्जा म्हणते आणि मला नंदूआजोबा. तिनं ट्रंकेत डोकावून पाहिलं आणि किंचाळलीच. मला वाटलं झुरळ.

"अज्जा, हे काय सोनं लपवून ठेवलंय!"

"सोनं न्हाय गं. मशीनं हायत."

काव्यानं सगळ्या घड्याळांचे फोटो काढले. फोटो नीट यावेत म्हणून एका डबीतली मखमलीची गादी उचलली, तर खाली घडी घातलेली चिठ्ठी. दुसऱ्या डबीत तीच. तिसऱ्या डबीत तीच. धोंडप्पा इतकी वर्षं चावी देत होता, पण गादी कधी उचलली नव्हती. तो चिठ्ठी घेऊन तडक कठड्याशी आला. त्याला इतकं भराभर चालताना मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

"नंदू, वाच."

मी चष्मा लावला. जाड कागदावर छापलं होतं: 'गिरणीत कापसाची तूस फार. मशीन मरू नये म्हणून घट्ट तेल घातले आहे. सबब घड्याळ थोडे मागे राहील. रोज भोंग्याला लावावे. — गु. बिराजदार.'

"बघ," धोंडप्पा म्हणाला. "बाबांना ठाऊक होतं. त्यांनी लिवून दिलं होतं. कुनी वाचलंच न्हाय."

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी काहीतरी टोचलं. पण मी रेल्वेचा माणूस. म्हणालो, "भोंगा बंद पडल्यावर कंपनीनं दुसरी चिठ्ठी काढायला हवी होती."

त्यानं चिठ्ठीची घडी घातली. मग म्हणाला, "नंदू, हे नाव तू पाडलंस. आता मिटवायचं तूच. एकदा चारचौघांत म्हन, मल्लव्वा बरोबर हाय. मग मी काय मागनार न्हाय तुज्याकडं."

"घड्याळ मागं पडतं म्हणजे चुकतं," मी म्हणालो. "चुकीला बरोबर कसं म्हणू?"

"माजी आय हाय ती," तो म्हणाला आणि खाली गेला.

काव्यानं घड्याळं मोबाइलवर विकायला काढली. लोकांना जुन्या वस्तूंचं आता काय वेड लागलंय ते देवाला ठाऊक. पुणे, बेंगळुरू, नागपूर, बेळगाव, एक तर थेट दुबईला. पंधरा दिवसांत एकशे बेचाळीस मल्लव्वा रवाना झाल्या. एक धोंडप्पानं ठेवून घेतली. त्याचा मुलगा गुरुराज अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवतो. तो म्हणाला, माझे टॉवेल सुद्धा इतक्या लवकर कधी संपले नाहीत.

सोळाव्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या. घड्याळ सुंदर आहे, पण रोज सात मिनिटं मागं पडतं. काव्या म्हणाली, "अज्जा, सगळी परत मागवू, पातळ तेल घालू, काटा बरोबर बसवू. आठवड्याचं काम."

"चिट्टी वाचली का म्हनावं त्यास्नी?"

"कोण वाचतं चिठ्ठी, अज्जा?"

"बाबांनी घातलेलं तेल मी काडनार न्हाय," धोंडप्पा म्हणाला. "मशीनमदी चूक न्हाय. त्यास्नी भोंगा पायजे. भोंगा देऊ."

असा विचार दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आला असता तर मी हसलो असतो. धोंडप्पाच्या डोक्यात आला म्हणजे तो होणार होता. चौथ्या दिवशी त्यानं जुन्या बाजारातून हातानं फिरवायचा भोंगा आणला, युद्धाच्या काळातला असावा असा, आणि गच्चीवर बसवला. गिऱ्हाइकं बेंगळुरूला, भोंगा सोलापूरला. मी हे त्याच्या निदर्शनास आणून दिलं. तो म्हणाला, काव्या रेकॉर्ड करून पाठवेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यानं दांडा फिरवला.

त्या आवाजाचं वर्णन मी करू शकत नाही, कारण पहिल्या पाच सेकंदांनंतर मला काही ऐकू येत नव्हतं. गोदावरीच्या हातातून दुधाचं पातेलं सुटलं. दूधवाला बिभीषण नुकताच आमच्या दारातून निघाला होता, तो मोटारसायकल आणि दोन कॅनसह गटारात. समोरच्या घरातले म्हातारे उठून पलंगाखाली गेले, त्यांना एकाहत्तरच्या लढाईतला ब्लॅकआउट आठवला. अर्ध्या तासात पोलीस आले. हवालदारानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं, चिठ्ठीही वाचली, आणि शेवटी म्हणाला, "आजोबा, घड्याळ लावायला मोबाइल असतोय की." धोंडप्पानं त्याला मल्लव्वा दाखवली. हवालदाराच्या आजोबांकडं तेच घड्याळ होतं म्हणे. तो दोन मिनिटं डायलकडं बघत बसला आणि भोंगा मात्र जप्त करून घेऊन गेला.

मला वाटलं, संपलं. पण तिसऱ्या दिवशी सातला कठड्यापलीकडून आवाज आला. बारीक, नाकातून येणारा, मग चढत जाणारा, मग लांब ओढलेला: "भोंऽऽऽऽऽ."

मी बाहेर आलो. धोंडप्पा एका हातात मल्लव्वा, दुसऱ्या हातात मोबाइल धरून, मान वर करून, तोंडानं भोंगा करत होता. आवाज संपल्यावर म्हणाला, "सात वाजले. घड्याळ लावा." आणि पाठवून दिलं. काव्यानं गिऱ्हाइकांचा ग्रुप केला होता. नाव, 'मल्लव्वा सात वाजता'.

"धोंडप्पा, वय काय, करतोस काय!"

"आपल्या गिरनीचा पयला भोंगा असाच होता की न्हाय, सांग. सुरवातीला थोडा अडकायचा, मग सुटायचा."

तो तसाच होता. ते मला कबूल करावं लागलं. पन्नास वर्षांनी तो आवाज कानावर पडल्यावर माझा हात आपोआप मनगटाकडं गेला होता, आणि तो धोंडप्पानं पाहिला. मी लगेच हात खाजवल्यासारखं केलं.

त्या दिवसापासून एक दिवस खाडा नाही. पहाटे उठून मिठाच्या गुळण्या, हळद घालून गरम पाणी, सातला भोंगा. आणि लोक खुळे निघाले. त्यांना तो आवाज आवडायला लागला. तक्रारी थांबल्या. रोज सव्वासातपर्यंत सगळ्यांकडून एकच शब्द यायचा: लावलं. लावलं. लावलं. बेळगावच्या कुणा शिवलीलाबाईंनी लिहिलं, की त्यांचा सासरा वर्षभर कुणाशी बोलत नव्हता, तो आता सातला खुर्चीत तयार बसतो आणि भोंग्याबरोबर घड्याळ लावतो. दुबईच्या माणसाकडं सात वाजले की साडेपाचच असतात. तो गजर लावून उठायचा. धोंडप्पाला सर्दी झाली आणि भोंगा घोगरा आला त्या दिवशी एकोणीस जणांनी काढ्याची कृती पाठवली. धोंडप्पा मला हे सगळं कठड्यावरून वाचून दाखवायचा. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून ऐकायचो.

पण गल्लीत मल्लव्वा टाइम चालूच होता. दुबईला मान मिळाला म्हणून चहाच्या टपरीवर मिळतो असं नाही. बिभीषण दूध द्यायला उशिरा आला की अजून तेच म्हणायचा, आणि म्हणताना धोंडप्पाच्या दाराकडं बघायचा. गटारात पडल्याचा राग त्याच्या मनातून गेला नव्हता.

एकदा संध्याकाळी धोंडप्पा आपणहोऊन बोलला. तो क्वचित बोलतो, म्हणून मी पेपर खाली ठेवला.

"आय एकदा भाजीला गेली होती. दोन बायका म्हनाल्या, आजची बस मल्लव्वा टाइम हाय बग. आय शेजारीच हुबी. त्यास्नी काय ठाऊक. त्यानंतर आयनं भायेर कुटं आपलं नाव सांगितलं न्हाय. रेशनच्या दुकानात सुद्धा गौरम्मा म्हनून सांगायची. शेवटपत्तुर."

मी पेपरची घडी घालायला लागलो.

"तिला ठाऊक होतं, नाव तू पाडलंस ते."

"मग?" मी म्हणालो. "नागपंचमीला शेंगापोळ्या तर दरवर्षी पाठवायची माझ्याकडं."

"व्हय की. म्हनायची, नंदूची नोकरी गेली आपल्यामुळं."

मला लाज वाटली. तीस-पस्तीस वर्षं मी त्या पोळ्या खाल्ल्या होत्या, वर तूप मागून घेतलं होतं. दुसरा कुणी असता तर तिथंच हात जोडून मोकळा झाला असता. पण मला चूक कबूल करायची सवय नाही. कुर्डुवाडीला कधी वेळच आली नव्हती. मी म्हणालो, "हवेत उकाडा फार आहे," आणि आत गेलो. रात्रभर मला झोप नव्हती आणि गोदावरीला वाटलं की पोट बिघडलंय.

गेल्या मार्गशीर्षात धोंडप्पाच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे, दवाखान्यात नेऊन ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरनं सांगितलं, आठ दिवस जोर लावायचा नाही, खोकलासुद्धा दाबून. धोंडप्पाचा पहिला प्रश्न, "आनि भोंगा?" डॉक्टरला कळेना. त्याला वाटलं रोग्याची शुद्ध हरपतेय.

काव्या फोनवर म्हणाली, "अज्जा, जुनं रेकॉर्डिंग पाठवू की. कुणाला कळणार नाही."

"काल वाजलेला भोंगा आज कसा चालंल?" धोंडप्पा म्हणाला. "कालचे सात कालचे होते."

गुरुराजला करून बघायला सांगितलं. त्यानं केलं. वॉर्डातल्या सिस्टरनं येऊन विचारलं, शेळी आत कुणी सोडली. शिवाय सातला त्याची मागावरची पाळी बदलते. तेव्हा धोंडप्पानं उशीखालून मोबाइल काढला आणि माझ्या हातात दिला.

"उद्या सातला तू."

"मी?" मी ओरडलो. सिस्टरनं पुन्हा आत बघितलं. "माझा आवाज! आणि मी ते तुझं... लोक काय म्हणतील?"

"आवाज कसाबी चालंल. वेळ चुकायला नको. वेळेच्या बाबतीत गल्लीत तुज्याशिवाय माजा कुनावर इश्वास न्हाय, नंदू."

असं कुणी म्हटलं की माझ्यासारखा माणूस संपतो. मी मोबाइल खिशात टाकला. दारापर्यंत गेल्यावर त्यानं हाक मारली, "तांबडं बटन दाबून वर सरकवायचं. मग हात सोडला तरी चालू ऱ्हातंय."

दुसऱ्या दिवशी मी पाचलाच उठलो. न्हाणीघरात नळ मोठा सोडून सराव केला. गोदावरीनं दार वाजवून विचारलं, "बरं आहे ना?" पावणेसातला गच्चीवर. मनगटावर निवृत्तीच्या समारंभात मिळालेलं माझं घड्याळ, सेलवालं, अकरा वर्षांत एक सेकंद इकडंतिकडं नाही. मोबाइलवरही वेळ दिसते हे मला माहीत आहे. पण सदतीस वर्षं नोकरी केलेला माणूस मनगटावरच बघतो. सातला दहा सेकंद कमी असताना बटण दाबलं, वर सरकवलं, मान वर केली आणि सातच्या ठोक्याला सोडला भोंगा. सुरुवातीला थोडा अडकला, मग सुटला. मला स्वतःलाच बरं वाटलं. चिमणीवरची कबुतरं उडताना दिसतील असं वाटून गेलं, जरी चिमणी पाडून बारा वर्षं झाली आहेत.

"सात वाजले," मी भारदस्त आवाजात म्हणालो. "घड्याळ लावा."

"कुटलं सात, मास्तर?" खालून आवाज आला. बिभीषण मोटारसायकल लावून वर बघत होता. "सात वाजून दोन मिनिटं झाली की! आज तुमचा बी मल्लव्वा टाइम का?" आणि दारात पातेली घेऊन उभ्या असलेल्या चार बायका फिसकन हसल्या.

मी मनगटाकडं पाहिलं. घड्याळाचा सेकंदकाटा पुढं सरकायला जाऊन तिथंच कुथत होता, पुन्हा मागं येत होता. सेल संपत आलेला. माझं घड्याळ. रेल्वेनं दिलेलं.

मला इतका संताप आला की काय सांगू. पण पन्नास वर्षांत पहिल्यांदाच तो योग्य माणसावर आला.

"बिभीषण!" मी कठड्यावरून ओरडलो. "तोंड सांभाळ! मल्लव्वा बरोबर आहे! चुकलो मी! आज दोन मिनिटं चुकलो आणि शहात्तर सालीही मीच चुकलो. ते नाव मी पाडलं, टपरीवर उभं राहून, नोकरी गेल्याच्या रागात. घड्याळात काही चूक नव्हती. भोंगा बंद पडला होता आणि मी चिठ्ठी वाचली नव्हती! त्या बाईनं मला पस्तीस वर्षं शेंगापोळ्या घातल्या. आजपासून या गल्लीत मल्लव्वा टाइम म्हणजे सात वाजता सात. दुसरा अर्थ कुणी काढला तर गाठ माझ्याशी आहे!"

बिभीषण दुधाचं माप हातात धरून उभा. मागं गोदावरी येऊन ठेपली होती. ती हळूच म्हणाली, "अहो, त्या मोबाइलवर आकडे अजून पळतायत."

मी बघितलं. तांबडं बटण तसंच होतं. मी घाईनं दिसेल तिथं अंगठा मारला, तर ते सगळं, भोंग्यापासून गोदावरीपर्यंत, एकशे बेचाळीस लोकांना गेलं. आणि ग्रुपमध्ये धोंडप्पाही होता; आदल्या रात्री गुरुराजनं काव्याचा जुना मोबाइल त्याच्या उशाशी आणून ठेवला होता.

दोन मिनिटांत उत्तरं यायला लागली. लावलं. लावलं. बेळगावहून: लावलं, आणि मास्तरांना नमस्कार. दुबईहून: लावलं, पण बिभीषण कोण?

मी कपाट उघडलं. वडिलांची मल्लव्वा रुमालात गुंडाळलेली होती. चावी दिली, ती चालायला लागली. मी मोबाइलवर बघून ती लावली, मनगटावर बांधली आणि दवाखान्यात गेलो.

वॉर्डाबाहेरच मला माझा आवाज ऐकू आला. धोंडप्पानं मोबाइल छातीवर ठेवून मोठ्यानं लावला होता आणि आजूबाजूच्या पाच खाटांवरचे रोगी कान देऊन ऐकत होते. मला पाहिल्यावर त्यानं तो बंद केला नाही. संपेपर्यंत थांबला.

"दोन मिनिटं उशीर झाला," म्हणाला.

"सेल संपला होता."

"बाकी सगळं टायमावर होतं." त्यानं माझ्या मनगटाकडं बघितलं, डायलवरच्या नावावर बोट ठेवलं आणि काही वेळ ते तिथंच ठेवलं. मग मोबाइल पुन्हा सुरू केला.

सिस्टर रागावून आत आली. "आजोबा, सकाळपासून अकराव्यांदा लावताय. ही मल्लव्वा कोण एवढी?"

डॉक्टरनं जोर लावायचा नाही म्हणून बजावलं होतं. धोंडप्पानं उशीवरून मान उचलली, आणि पलीकडच्या वॉर्डातही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "माजी आय!"